प्रत्येकी एक गाणं, एक आठवण

माणसानं हौसेनं एखादी गोष्ट करायला घ्यावी आणि आठवड्याच्या आत तिची समिती व्हावी, हा आमच्या इमारतीचा जुना गुण आहे. मागे मी जिन्यातला गेलेला दिवा स्वतःच्या हातानं बदलला, तर लगोलग एक प्रकाश उपसमिती स्थापन झाली आणि तिच्या पहिल्याच बैठकीत माझा दिवा फार पिवळा आहे असं ठरलं. एवढं शहाणपण पदरी असताना मी पुन्हा त्याच वाटेला का गेलो, असं कुणीही विचारील. बायकोनं विचारलंच. ती अजून विचारते.

मला खरं तर एवढंच हवं होतं, की दादानं माझ्या घरी यावं.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. याच शहरात राहतो, बससुद्धा बदलावी लागत नाही इतक्या जवळ. पण सहा वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं. माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं स्पीकरवाल्याला एक जुनं इंग्रजी गाणं लावायला सांगितलं, आमचं दोघांचं गाणं. ते कुठे रंगात येतंय तोच स्पीकरवाल्यानं मध्येच तोडलं आणि ‘पांढऱ्या गाडीच्या मालकांनी आपली गाडी फाटकातून काढावी’ अशी घोषणा केली. घोषणेनंतर गाणं काही परत लागलं नाही. मी पाहुण्यांत अडकलेला. वळून बघतो तर दादा गायब. जेवलासुद्धा नाही. आता सख्खा काका पुतणीच्या लग्नातून न जेवता निघून जातो, याचा अर्थ सांगायला ज्योतिषी लागत नाही. तो रागावला होता. मग त्याचा फोन आला नाही म्हणून मीही रागावलो. एक वर्ष गेलं, दोन गेली, आणि त्या रागाला घरातल्या जुन्या कपाटासारखी कायमची जागा मिळाली.

या काळात मी दादाशी मनातल्या मनात जितकं भांडलो तितकं समोरासमोर बायकोशीही भांडलो नसेन. दाढी करताना भांडलो, बसच्या रांगेत भांडलो, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलताना भांडलो. “आधीची बरी की ही?” असं तोंडानं विचारत मी आतून दादाला सुनावत असायचो, गिऱ्हाईक “ही” म्हणालं की मला कळायचं नाही कोणती. मी डोळे तपासतो. रीतसर परीक्षा पास होऊन तपासतो. इमारतीत मला सगळे ‘चष्मेवाले’ म्हणतात, त्याबद्दल इथे जास्त बोलत नाही.

“अहो, सरळ फोन करा ना,” बायको म्हणाली. “ये म्हणावं एकदा.”

“मी धाकटा म्हणून मीच करायचा?”

“मग नका करू.”

“आणि तो थोरला. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू, की चूक तुझी आहे म्हणून?”

“मग चूक कुणाची ते सोडून बाकीचं बोला.”

तत्त्वाचा प्रश्न असला की हिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

तेव्हा मी एक युक्ती काढली. चार माणसांना घरी बोलवायचं. प्रत्येकानं आपल्या तरुणपणचं एक आवडतं रॉक नाहीतर पॉप गाणं आणायचं, ते सगळ्यांना ऐकवायचं, आणि त्या गाण्याबरोबर काय आठवतं ते सांगायचं. चारांतला एक दादा. तो कुठलं गाणं आणणार हे मला माहीत होतं, आणि आठवण तर मला तोंडपाठ होती. ती सांगता सांगता त्याचा आवाज जड होणार, मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, आणि पुढचं आपोआप.

“ताकाला जाऊन भांडं लपवताय,” बायको म्हणाली.

ती आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दादा तेव्हा कॉलेजात होता आणि मी पाचवीत. दोघांत मिळून एक खोली. दादानं मित्राकडून टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट मागून आणली होती, एका संध्याकाळपुरती. वडील रात्रपाळीला जायचे म्हणून पलीकडे झोपलेले. आवाज जाऊ नये म्हणून आम्ही दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, टेबलाखाली शिरलो आणि वरून चादर सोडली. गाणं लांबलचक होतं. सुरुवातीला नुसती एक गिटार, आपल्याच नादात चालल्यासारखी. गाणारा बऱ्याच वेळानं तोंड उघडतो. पण टेपचं झाकण तुटकं होतं. ते दाबून धरलं नाही तर कॅसेट डळमळायची आणि गाणारा रडायला लागायचा. दादा म्हणाला, “बारक्या, धर.” मी बोटानं दाबून धरलं. अख्खं गाणं संपेपर्यंत. मग ते मागे नेऊन पुन्हा, आणि पुन्हा. बोट पांढरं पडलं, मुंग्या आल्या, शेवटी ते माझं आहे की नाही तेही कळेना, पण मी सोडलं नाही. आणि शेवटाला जेव्हा गिटार बेभान सुटते तेव्हा दादानं अंधारात माझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, “ऐकलंस?” मी ऐकलं होतं. त्यानंतर आयुष्यात पुष्कळ लोकांनी मला पुष्कळ काही ऐकवलं, पण ऐकलंस का असं प्रेमानं कुणी विचारलं नाही.

तर युक्ती चांगली होती. घात झाला तो लिफ्टमध्ये. मी तेच गाणं गुणगुणत होतो आणि आमचे चेअरमन आत शिरले.

“काय चष्मेवाले, आज स्वारी खुशीत?”

मी भोळेपणानं सगळं सांगितलं. दादाचं सोडून.

“अहो, चार माणसांत कसली मजा? खालचा हॉल काय धूळ खायला बांधलाय? तुम्ही काही काळजी करू नका. आपण हे व्यवस्थित करू.”

‘आपण’ आणि ‘व्यवस्थित’ हे दोन शब्द एका दमात कानावर पडले की शहाण्यानं लिफ्टमधून उतरावं, मजला कुठलाही असो. मी उतरलो नाही. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: ‘प्रत्येकी एक गाणं, एक आठवण. इच्छुकांनी नावे द्यावीत.’ खाली माझं नाव होतं, ‘संपर्क: चष्मेवाले’.

इच्छुक किती निघावेत? ज्यांनी आयुष्यात गाणं म्हणून फक्त दाराची बेल ऐकली असेल अशांनीही नावं दिली. समिती झाली. चौथ्या मजल्यावरचे लिफ्टकाका तिच्यात आले. हे गृहस्थ कुठल्याही विषयावरून तीन वाक्यांत लिफ्टवर येतात म्हणून त्यांचं नाव लिफ्टकाका. निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात आणि सरळ उभे राहतात. बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, “गाण्यांचे शब्द आधी माझ्याकडे द्या. इमारतीत मुलं आहेत. इंग्रजी गाण्यांत काय काय असतं ते मला माहीत आहे.”

मी आमच्या गाण्याचे शब्द लिहून दिले. दोन दिवसांनी कागद परत आला तो लाल शाईनं भरलेला. एका ओळीपुढे ‘कर्ता कोण?’, दुसरीपुढे ‘संदर्भ?’, आणि तळाला ‘अर्थ स्पष्ट करा’. मी रात्री जेवणानंतर तास-दीड तास बसलो, पण मला अर्थ स्पष्ट करता येईना. इतकी वर्षं ज्या गाण्यानं गळा दाटून येत होता त्यात नेमकं काय म्हटलंय हे मला ठाऊक नाही, असा शोध लागला. ‘भावार्थ चांगला आहे’ असं खाली लिहून कागद पुन्हा बाईंकडे धाडला. त्यांनी काठावर पास केलं.

मग कळलं, की अकरा जणांनी एकच गाणं दिलंय. ते हो, जे फोनवर ‘कृपया थांबा’ म्हणाल्यावर वाजतं ते. अकरा वेळा ते ऐकायचं म्हणजे कुणाचाही धीर सुटला असता. म्हणून मीच सुचवलं, की एक गाणं एकदाच वाजेल. आधी ज्याची पाळी त्याचं ते, मागच्यांनी दुसरं शोधावं. ठराव एकमतानं पास झाला, सूचक म्हणून माझं नाव घेतलं गेलं. पाळ्या वयानुसार लावायच्या असं चेअरमन म्हणाले, कारण त्यांचं वय सगळ्यांत जास्त. मला तेही पटलं. दादाची पाळी लवकर येईल आणि त्याचा विचार बदलायच्या आत तो बोलून मोकळा होईल, असा माझा हिशेब.

“गाण्याला दोन मिनिटं, आठवणीला दोन मिनिटं,” बाई म्हणाल्या. “मी घंटा वाजवीन.”

“बाई, माझ्या गाण्यात दोन मिनिटांत गाणाऱ्यानं तोंडसुद्धा उघडलेलं नसतं!”

“मग त्याला आधी उघडायला सांगा.”

“मधूनच लावा की,” चेअरमन म्हणाले. “जिथे बरं वाटतं तिथून.”

“आणि या मंडळींना खाली आणायचं ते लिफ्टनंच ना?” लिफ्टकाका म्हणाले. त्यावर अर्धा तास गेला.

दादाला बोलावणं बायकोनं वहिनींमार्फत धाडलं. मी बाजूला उभा.

“येतो म्हणालेत,” फोन ठेवून ती म्हणाली.

“कसा म्हणाला? आवाज कसा होता?”

“आवाज वहिनींचा होता.”

एवढ्यावर मी समाधान मानलं, कारण आता परवानगीचं लचांड उभं राहिलं होतं. हॉलमध्ये स्पीकर लावायचा तर रीतसर परवानगी हवी, असं चेअरमननी ठरवलं आणि ती आणायचं काम हौस ज्याची त्याच्याकडे आलं. कचेरीत तीन खिडक्या फिरून मी योग्य खिडकीशी पोचलो. आतल्या कारकुनानं विचारलं, “कार्यक्रम कसला? धार्मिक, शैक्षणिक, करमणुकीचा?”

“करमणुकीचाच म्हणा.”

“तिकीट आहे?”

“नाही हो. लोक गाणी लावणार आणि आठवणी सांगणार.”

“तिकीट नसेल तर करमणूक होत नाही. आठवणी म्हणालात ना? आठवणी शोकसभेत येतात.” त्यानं अर्जावर ‘शोकसभा’पुढे खूण केली. “दिवंगताचं नाव?”

“कुणी दिवंगत नाही.”

“साहेब, रकाना मोकळा ठेवता येत नाही. तुमचं नाव काय?”

मला वाटलं अर्जदार म्हणून विचारतोय. मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, स्पष्ट उच्चारात. चार दिवसांनी परवानगी हातात आली: कैलासवासी अमुक अमुक, म्हणजे मी, यांच्या शोकसभेनिमित्त, दुःखद प्रसंगाला शोभेल इतक्याच आवाजात स्पीकर लावण्यास हरकत नाही. मी दुरुस्तीला परत गेलो. कारकून म्हणाला दुरुस्ती होईल, पण हयात असल्याचा दाखला जोडावा लागेल, आणि तो देणारे साहेब रजेवर आहेत. चेअरमननी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “हरकत नाही असं लिहिलंय ना? मग तुम्ही कशाला हरकत घेता?” परवानगी दर्शनी भागात लावणं सक्तीचं असल्यामुळे ती फलकावर लागली. पुढचे दोन दिवस दुसऱ्या विंगमधली माणसं माझ्या बायकोला हळू आवाजात भेटून जात होती. एकानं तर मलाच विचारलं, “कसे होते हो स्वभावानं?” मी म्हणालो, “बरे होते, लोकांनी ओळखलं नाही.”

कार्यक्रमाच्या दिवशी मी भाड्यानं आणलेले स्पीकर दुपारपासून जोडत होतो. लोक आले. दादाही आला. वहिनींच्या मागून, पोट सुटलेला, काठी नाही पण काठीची सवय लागेल अशा चालीनं. मी पुढे झालो. पहिलं वाक्य कुणी बोलायचं यावर सहा वर्षं विचार केला होता.

“काय बारक्या! केस गेले की रे सगळे!” दादा म्हणाला, आणि पुढे जाऊन पंख्याखालची खुर्ची बघून बसला.

हे माझ्या कुठल्याच तालमीत नव्हतं. पण राग असलेला माणूस आधी असंच वरवरचं बोलतो, अशी मी समजूत घातली.

चेअरमनांचं गाणं झालं, म्हणजे अकरांचं ते झालं, आणि दहा जण नाराज झाले. त्यांची आठवण त्यांच्या पहिल्या बढतीची होती. बाईंनी चक्क एक नाचाचं पॉप गाणं लावलं. त्यावर स्टाफरूममधल्या एका सहकारी बाईंनी सहलीच्या बसमध्ये नाच करून शाळेची कशी अब्रू घालवली, हे सांगताना त्यांना घंटेचं भान राहिलं नाही, आणि त्यांना घंटा वाजवणार कोण? लिफ्टकाकांची आठवण अशी, की हे गाणं ते ऐकत होते आणि नेमकी तेव्हाच लिफ्ट अडकली. इतक्यात दारात एक पोलीस उभा. हॉलमध्ये मोठ्यानं गिटार चालू आणि लोक हसताहेत.

“शोकसभा इथंच ना?” त्यानं परवानगीवर बोट ठेवलं. “कुणाची?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “माझी,” मी म्हणालो.

त्यानं मला खालून वर पाहिलं. “आवाज कमी ठेवा,” म्हणाला आणि गेला.

मग दादा उठला. त्यानं गाण्याचा शेवट निवडला होता, ती बेभान गिटार. मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, माझं बोट खरोखर दुखायला लागलं. गाणं थांबलं आणि दादा बोलायला लागला.

“मी कॉलेजात होतो. मित्राची टेप आणली होती, एका संध्याकाळपुरती. वडील झोपलेले, म्हणून दाराला टॉवेल लावला आणि टेबलाखाली बसलो, वरून चादर.” त्याचा आवाज जड झाला, अगदी मला हवा तसा. मी खुर्चीतून अर्धा उठलो. “त्या टेपचं झाकण तुटलेलं होतं. ते सारखं दाबून ठेवावं लागायचं. मग मी काय केलं, त्याच्यावर एक वीट ठेवली.”

लोक हसले.

“खरंच, वीट! आणि मग निवांत. त्या अंधारात मी एकटा आणि ते गाणं. आयुष्यात मी पहिल्यांदा खरा एकटा होतो, आणि मला ते फार आवडलं.”

घंटा वाजली. टाळ्या पडल्या, आतापर्यंतच्या सगळ्यांत जास्त. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, “बसा हो, दिसत नाही.” मी बसलो.

माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलं होतं, की खरं काय ते सगळ्यांसमोर सांगायचं. पुढे गेलो, गाण्याचं नाव सांगितलं.

“ते झालं,” चेअरमन म्हणाले.

“झालं, पण आठवण वेगळी आहे.”

“नियम आहे,” बाई म्हणाल्या. “एक गाणं एकदाच. ठराव तुमचाच आहे.”

“घ्या ना दुसरं एखादं,” लिफ्टकाका म्हणाले, आणि कुणीतरी यादीत उरलेलं एक गुळगुळीत पॉप गाणं लावूनही टाकलं. दोन मिनिटं मी ते उभ्यानं ऐकलं. मग म्हणालो, “या गाण्याची मला काहीही आठवण नाही.” त्यालाही टाळ्या पडल्या, कारण मी वेळ वाचवला होता.

शेवटी चहाच्या वेळी मी दादाला खिडकीशी गाठलं.

“दादा, वीट नव्हती ती.”

“मग?”

“मी होतो. माझं बोट होतं.”

त्यानं मनापासून आठवून पाहिलं. चेष्टा नव्हती त्यात, कपाळाला आठ्या घालून पाहिलं. “तू तेव्हा आत्याकडे होतास ना?”

“नाही. मी टेबलाखाली होतो. तू मला म्हणालास, बारक्या, धर.”

“असशील बाबा,” तो म्हणाला. “असशील. पण वीट मला अगदी डोळ्यांसमोर दिसते. एक कोपरा फुटलेला होता तिचा.”

कोपरा फुटलेल्या विटेपुढे माणूस काय बोलणार? मी दुसरं विचारलं. “आणि लग्नातून न जेवता गेलास ते?”

“कुणाच्या?”

“माझ्या मुलीच्या.”

“हां, ते होय! अरे, पोट बिघडलं होतं सकाळपासून. कसंबसं घर गाठलं. विचार वहिनीला.”

“गाणं तोडलं म्हणून नाही गेलास?”

“कुठलं गाणं?”

“मग सहा वर्षं फोन का नाही केलास?”

“सहा झाली? बापरे!” त्यानं बिस्किट चहात बुडवलं. “तू तरी कुठे केलास?”

“मी रागावलो होतो.”

“कुणावर?”

“तुझ्यावर.”

“का रे?” तो म्हणाला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “वेडाच आहेस. सुचलं नाही रे फोन करायचं. दिवस कसे जातात कळतंय का? माझ्या मनात काही नव्हतं, अगदी काहीसुद्धा नव्हतं.” हे तो मला बरं वाटावं म्हणून सांगत होता.

मग त्यानं स्पीकरची चौकशी केली. आवाज फार स्वच्छ होता म्हणाला, कुठून आणले? मी दुकानदाराचा नंबर सांगितला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून तो मोबाईलमध्ये घातला, पुढे ‘स्पीकरवाला, चांगला’ असं लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि मोबाईल खिशात टाकला. वहिनी म्हणाल्या, “या हो एकदा घरी.” दादाही म्हणाला, “हो, ये की.” मग त्यांची बस यायची वेळ झाली.

हॉल रिकामा झाल्यावर मी खुर्च्या एकात एक घालायला लागलो. त्याही आता संपर्क म्हणून माझ्याच गळ्यात. बायको कप गोळा करत आली.

“बोललात का? राग गेला का त्यांचा?”

“राग नव्हताच,” मी म्हणालो.

“अगं बाई! मग तर चांगलंच झालं की हो.”

“भांडण असतं तर मिटवता आलं असतं,” मी म्हणालो.

तिनं हातातले कप खाली ठेवले, आणि खुर्चीची दुसरी बाजू धरली.